सोफ्यापायी कापलेली पेरं

डॉक्टर ट्रुस्डेलच्या दवाखान्यात लेझरचं यंत्र आलं त्या रविवारी त्यांनी चक्क समारंभ ठेवला होता. नेहमीची गिऱ्हाइकं, शेजारचा फुलवाला, बँकेतल्या दोन बायका, सगळ्यांना आमंत्रण. टेबलावर मांजराच्या पंजाच्या आकाराचा केक, त्यावर गुलाबी साखरेच्या गाद्या. डॉक्टरांनी हिरवा चष्मा चढवला, ताटात कोंबडीची कच्ची तंगडी ठेवली आणि पेनसारखी दांडी हातात धरून तिच्यावरून अलगद एक रेघ ओढली. कातडी उलगडली, धुराची बारीक वेटोळी वर गेली.

"बघा! रक्ताचा थेंब नाही. आता मांजरांच्या नख्या काढायच्या त्या अशा!" डॉक्टर म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिओना झवाकी केक कापून बशा भरत होती. तो जळका वास तिच्या नाकात शिरला आणि हातातला साखरेचा पंजा तिला खाववेना. तिनं तो कागदात गुंडाळून टोपलीत टाकला. स्वतःचंच तिला नवल वाटलं.

नवल वाटण्यासारखंच होतं. लिओनाला कशाची किळस येत नाही, अशी अमेरिकेतल्या सगळ्या एरी शहरात नाही तरी निदान पूर्वेकडच्या पोलिश वस्तीत तिची ख्याती होती. तिच्या वडिलांचं सॉसेजचं दुकान. शाळेतून आली की ती आतडी धुवायला बसायची. लग्न होऊन पोरं मोठी झाल्यावर ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली ती तिथलीच झाली. कुत्र्याच्या कानातला पू, जखमेतल्या अळ्या, मेलेलं पिल्लू पोटात घेऊन आलेली मांजरी, बाकीच्या पोरी तोंडाला हात लावून बाहेर पळायच्या आणि लिओना बाह्या सरसावून पुढं व्हायची. तिचा नवरा कॅझ रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात होता. तो मित्रांना सांगायचा, "माझी बायको एका हातानं कुत्र्याचे जंत काढते आणि दुसऱ्या हातानं पिरोगीच्या करंज्या लाटते. मी विचारत नाही कोणता हात कोणता."

जुने डॉक्टर होबार्ट होते तेव्हाही नख्या काढायचं काम व्हायचं, पण क्वचित. ते कात्रीसारख्या हत्यारानं काढायचे. कट् असा आवाज यायचा. त्या दिवशी म्हातारा कुणाशी धड बोलायचा नाही, जेवणाचा डबाही उघडायचा नाही. गिऱ्हाइकाला तो आधीच सांगून टाकायचा, "बाई, ही नखं नाहीत. बोटाचं शेवटचं पेर आहे. तुमचं इथवर कापलं तर चालेल का?" आणि स्वतःच्या बोटाचं टोक दाखवायचा. अर्ध्या बायका तिथूनच मांजर उचलून घरी जायच्या. मग होबार्ट थकले, त्यांनी दवाखाना ट्रुस्डेलना विकला आणि ते फ्लोरिडाला मुलीकडं गेले.

ग्लेन ट्रुस्डेल माणूस वाईट नव्हता. हसतमुख, हाताला हलका, कुत्रं मेलं की मालकाच्या गळ्यात पडून स्वतः रडणारा. पण होबार्टनी दाखवलेलं बोट त्यांना मान्य नव्हतं. लेझर आल्यावर त्यांनी सगळ्या मदतनिसांना बसवून बोलायचं कसं ते शिकवलं. 'कापणं' म्हणायचं नाही. 'पेर' म्हणायचं नाही. 'लेझरनं नख्या काढतो, त्रास जवळजवळ नाही, दुसऱ्या दिवशी घरी' एवढंच.

"खोटं नाहीये यात काही," डॉक्टर म्हणाले. "रक्त खरंच येत नाही."

"नाही, खोटं नाही," लिओना म्हणाली. तिनं ते वाक्य पाठ केलं आणि पुढं किती बायकांना ऐकवलं याचा तिला हिशेब नाही.

कारण लेझर हा शब्दच तसा होता. शहरातल्या रेडिओवर जाहिरात लागली आणि मांजरांची रांग लागली. पडदे, गालिचे, नवे सोफे, बाळ होणार आहे, भाड्याच्या घराचा मालक ऐकत नाही, कारण कुठलंही चालायचं. कोवळी पिल्लं आणायचे लोक. नसबंदी आणि नख्या एकाच भुलीत.

लिओनाचं काम पंजा धरण्याचं. मांजर भुलीखाली पालथं पडलेलं, जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे. ती एका हातानं बोट दाबून नखी बाहेर काढायची, दुसऱ्या हातात धूर ओढणारी नळी. डॉक्टर नखीच्या मुळाशी सांध्यावरून किरण फिरवायचे. आधी केस जळायचे, मग कातडी, मग स्नायूचा तो चिवट धागा. नळी धूर ओढायची पण वास ओढायची नाही. केसाचा, चरबीचा, आणि खाली कुठंतरी हाडाचा, दाताच्या डॉक्टरकडं येतो तसा. सुटलेलं पेर नखीसकट स्टीलच्या वाटीत पडायचं. टिक. पुढचं बोट. टिक. शेवटी वाटीत पुढच्या दोन्ही पंजांचे दहा तुकडे, ओलसर, टोकाला बाक असलेले, एका बाजूला काळे पडलेले. जखमांना डिंकासारखं औषध लावून डॉक्टर म्हणायचे, "काय सुंदर काम झालंय!" आणि खरंच दिसायला सुंदर असायचं. वाटी लिओना धुवायची.

वास मात्र धुतला जायचा नाही. केसांत बसायचा, स्वेटरच्या लोकरीत बसायचा. ती गणवेश वेगळा धुवायला लागली. कॅझ सुरुवातीला चेष्टा करायचा, "आज काय भाजलंस दवाखान्यात? मला नाही आणलंस?" उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत भाजलेल्या बैलाच्या मांसाचे सँडविच मिळायचे, लिओना लहानपणापासून त्यांच्यावर तुटून पडायची. त्या वर्षी शेगडीजवळ उभी राहिली, धूर अंगावर आला आणि ती मंडपामागं जाऊन ओकली. कॅझनं पाठ चोळली. मग कधी चेष्टा केली नाही.

तरी ती काम करत राहिली. किळस येते म्हणून काम सोडायचं, हे तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. आणि भूल उतरल्यावर मांजरांकडं बघायचं नाही, अशी युक्ती तिनं शोधली होती. पिंजऱ्यात मांजरं पंजे झटकायची, पाण्यात पाय पडल्यासारखे, पुन्हा पुन्हा. काही कोपऱ्याकडं तोंड करून बसायची. लिओना पाण्याची भांडी ठेवायची आणि नजर पिंजऱ्याच्या वर ठेवायची.

मग तिची नणंद रोझेन आली. कॅझची धाकटी बहीण, बोलायला तिखट, घर आरशासारखं ठेवणारी. तिच्याकडं मफी नावाची करडी मांजरी होती, गुबगुबीत, पाहुण्यांच्या मांडीवर झोपणारी. रोझेननं साय-रंगाचा कातड्याचा सोफा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात मफीनं त्याच्या हातावर चार रेघा ओढल्या.

"लिओना, तुझ्याकडं ते लेझर आहे ना? करून टाक बाई. दुखत नाही म्हणतात."

लिओनाच्या तोंडात पाठ केलेलं वाक्य तयार होतं. "त्रास जवळजवळ नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी घरी."

"आणि नोकरीतल्या माणसाच्या नात्यातल्यांना सवलत असेलच."

"विचारते."

मफीचा पंजा तिनंच धरला. मफी तिला ओळखत होती. सुई टोचेपर्यंत तिच्या कोपरात डोकं खुपसून घुरघुरत होती. टिक. टिक. लिओना छताकडं बघत राहिली.

जखमा छान भरल्या. पण मफी चालायची ती गरम तव्यावर चालल्यासारखी. हगण्यामुतण्यासाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीत पाय घालायची आणि लगेच बाहेर काढायची. खडे टोचायचे तिला. मग तिनं गालिच्यावर मुतायला सुरुवात केली. गालिचा मऊ होता. रोझेननं तिचं नाक त्या ओल्यात दाबलं, ती ओरडली, कोंडून ठेवलं. मफी, जी कधी कुणाला चावली नव्हती, ती रोझेनच्या मनगटाला कडकडून चावली. आणि एका सकाळी ती त्या नव्या सोफ्यावर चढली आणि मधोमध बसून मुतली.

रोझेनचा फोन दवाखान्यातच आला. "तुमच्या त्या लेझरनं माझं मांजर बिघडवलं! मूत आत गेलंय, सोफ्याच्या शिवणीतून आत! कातडं कुजतंय, घरात पाय ठेववत नाही! मी तिला घेऊन येतेय, तुम्ही तिला झोपवा."

"म्हणजे मारायचं?"

"मग काय करू, मुताडीत राहू? तूच म्हणालीस त्रास नाही!"

रोझेन पिंजरा घेऊन आली, तिनं तो काउंटरवर आपटला आणि सही करायला पेन मागितलं. लिओनानं पेन दिलं नाही. तिनं पिंजरा उचलला आणि सरळ आपल्या गाडीत नेऊन ठेवला. रोझेन मागं आली.

"हे बघ, तुझ्याकडंही ती हेच करणार!"

"करू दे," लिओना म्हणाली. "माझा सोफा आधीच वाईट आहे."

मफीनं तेच केलं. न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर, कॅझच्या बुटात, धुवायच्या कपड्यांवर. लिओनानं पेटीत खड्यांऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. कधी मफीला पटायचं, कधी नाही. कॅझ रोज सकाळी बूट उलटा करून बघायचा आणि म्हणायचा, "आज कोरडा आहे. देवाची कृपा." घराला वास लागला तो लागलाच. पण मुताची किळस लिओनाला कधीच नव्हती. फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली की ती पुसून टाकायची. ज्याची किळस येत होती ते पुसलं जात नव्हतं.

नाताळनंतरच्या रविवारी डॉक्टरांनी दवाखान्यातल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. तळ्याकाठी घर, खिडकीतून गोठलेलं पाणी दिसायचं. ताटं भरून हॅम, बटाटे. लिओना आजवर त्यांच्या घरी गेली नव्हती. ती ताट घेऊन बैठकीच्या खोलीत आली आणि थबकली. सोफ्याचे दोन्ही हात सोलून निघाले होते. आतला पिवळा कापूस लोंबत होता. पडद्यांच्या खालच्या कडेला चिंध्या. दारामागं दोराचा खांब, ओरबाडून ओरबाडून मधे बारीक झालेला. आणि सोफ्यावर दोन गलेलठ्ठ तांबडी मांजरं. त्यातल्या एकानं आळस देत पुढचे पाय ताणले, आणि पाची नख्या, पांढऱ्या, लखलखीत, बाहेर आल्या.

डॉक्टरांची बायको कँडेस ओशाळून म्हणाली, "बघू नकोस ग तिकडं. लाज वाटते मला. इतकं सांगते ग्लेनला, करून टाक यांचं, यंत्र तर तुझंच आहे. पण तो हात लावू देत नाही."

लिओना कॉफीच्या भांड्यापाशी गेली. डॉक्टर कप भरत होते.

"डॉक्टर, तुमच्या मांजरांना नख्या आहेत."

"दिसल्या का?" ते हसले. "सोफ्याची वाट लावलीय गधड्यांनी."

"तुम्ही नाही काढल्यात."

"अगं, काय बोलतेस लिओना? रोज बघतो ना मी काय करावं लागतं ते. माझ्या पोरांना कोण करेल?" त्यांनी मायेनं मांजरांकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि त्यांना वाटलं तिला समजलं. "लोकांना हवं असतं. मी नाही केलं तर पलीकडचा करेल, आणि तो काय करतो ते तू बघितलेलं नाहीस. माझ्याकडं निदान स्वच्छ होतं."

कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले. लिओनाच्या तोंडात हॅमचा घास होता. तो खाली जाईना. तिनं रुमालात काढला, तो रुमाल कुठं टाकावा कळेना, म्हणून मुठीतच धरून ती कोट घालून बाहेर पडली. गाडीपर्यंत बर्फात चालताना तिला त्या माणसाची हसरी, प्रेमळ मुद्रा दिसत होती, आणि ती तिला पुवापेक्षा, अळ्यांपेक्षा घाण वाटत होती. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तिला आपलं वाक्य आठवलं, रोझेनला म्हटलेलं, आणि तिनं गाडीची काच खाली करून गार हवेत तोंड धरलं.

कामावर गेल्यावर ती सरळ म्हणाली, "डॉक्टर, मी नख्यांना पंजा धरणार नाही."

डॉक्टर चिडले नाहीत. "थकलीस तू. काही दिवस काउंटरवर बस. पंजा धरायला शेरिल आहे."

काउंटरवर बसल्यावर लोक तिला विचारायला लागले आणि ती सांगायला लागली. होबार्टसारखं बोट पुढं करून, "बाई, इथून कापतात. दहाही बोटं. दुखतं." काही जणी पिंजरा उचलून गेल्या. लिओनाला वाटलं होतं सगळ्याच जातील. नाही गेल्या. तिला पुढं आयुष्यभर आठवत राहिली ती एक तरुण बाई, केसांना रोलर लावलेली, हातात बिस्किटांचा पुडा. तिनं सगळं नीट ऐकलं. बिस्कीट चावत म्हणाली, "म्हणजे बोटांची टोकंच की! शी, कसंतरीच. बरं, गुरुवारी जमेल का? शुक्रवारी मी नाहीये."

लिओनानं तिला गुरुवार दिला नाही. बाईनं आतल्या दारावर टकटक करून डॉक्टरांकडून घेतला.

त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "लिओना, तू लोकांना घाबरवतेस."

"घाबरत कुठं आहेत?" ती म्हणाली. "घाबरले असते तर बरं झालं असतं."

"मग तू मागं पिंजऱ्यांकडं काम कर. मला तुला घालवायचं नाहीये. तुझ्यासारखी बाई मिळत नाही."

"मागंच तर ती पंजे झटकत बसलेली असतात," लिओना म्हणाली. तिनं गणवेश खुंटीला अडकवला, आतल्या पोरींचा निरोप घेतला आणि ती निघाली. डॉक्टरांना वाईट वाटलं. त्यांनी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली आणि मिठी संपेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.

काही महिने ती शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मग एका शेजारणीनं मांजराची नखं कापून मागितली, तिनं दुसरीला सांगितलं, आणि लिओनाचा धंदा झाला. गाडीत जाड टॉवेल, नखं कापायची छोटी कात्री, रक्त थांबवायची पूड. घरोघर जायची, मांजर टॉवेलात गुंडाळायची, टोकं तेवढी कापायची, मालकिणीला म्हणायची, "बघ, एवढंच करायचं होतं. चौदा दिवसांनी पुन्हा. आणि दोर गुंडाळलेला एक खांब आण, सोफा वाचेल." हातांवर कायम ओरखडे. ते ती मिरवायची. पोलिश आज्या तिला 'नख्यावाली झवाकी' म्हणायच्या. एकीनं तिला आत घेऊन पातेलंभर कोबीची भाजी खायला घातली आणि मग सांगितलं की मांजर शेजारच्यांचं आहे, तिला नुसती कंपनी हवी होती.

रोझेन बरेच दिवस बोलली नाही. सोफा फेकावा लागला होता. नंतर नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला आली, दारातच नाक मुरडून म्हणाली, "अजून जिवंत आहे वाटतं." मफी पलंगाखाली होती. ती रोझेन जाईपर्यंत बाहेर आली नाही. मफी पुष्कळ वर्षं जगली. मांडीवर ती पुन्हा कुणाच्या बसली नाही, पण कॅझच्या पायाशी झोपायची, आणि ती त्याला चावली की तो म्हणायचा, "चाव बाई, तेवढंच राहिलंय तुझ्याकडं." मेली तेव्हा कॅझनं तिला मागच्या अंगणात पुरलं आणि लिओनाच्या देखत रडला.

त्यानंतर एका वसंतात, ईस्टरच्या आधीच्या उपासांत, चर्चच्या दालनात शुक्रवारची तळलेल्या माशांची पंगत होती. लिओना कागदी ताट घेऊन रांगेत उभी असताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर ट्रुस्डेल. केस पांढरे, हसू तेच.

"लिओना! किती वर्षांनी! ऐकलंस का, आम्ही नख्या काढणं बंद केलं. दारावर मोठी पाटी लावलीय. 'आम्ही नख्या काढत नाही, कारण आमचं मांजरांवर प्रेम आहे.' लोकांना फार आवडली. नवी गिऱ्हाइकं येतात त्या पाटीमुळं."

"अस्सं," लिओना म्हणाली.

"आता तर सगळेच बंद करताहेत. पण खरं सांगू? मी मनातून कायम त्याच्या विरुद्धच होतो. तुला तर माहीतच आहे."

रांग पुढं सरकली. वाढणारी बाई चिमट्यात मासा धरून थांबली होती. लिओनानं डॉक्टरांचे डोळे बघितले. त्यांत लबाडी नव्हती. त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता.

"हो, मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या सोफ्यावरून कळलं होतं."

डॉक्टर मोठ्यानं हसले, त्यांना ती जुन्या ओळखीची थट्टा वाटली, आणि ते कँडेसला शोधत दुसऱ्या टेबलाकडं गेले. त्यांनी हात ठेवला होता तो खांदा लिओनानं झटकला. माशाचं ताट तिनं कॅझला दिलं.

"तुला नको?" त्यानं विचारलं.

"नको. तू खा." ती बाकावर टेकली आणि त्यानं जेवण संपवेपर्यंत खिडकीतून पार्किंगकडं बघत बसली.